नदीचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्यात म्हण आहे. पैकी ऋषींच्या बाबतीत ती आपण केव्हाच मोडून टाकली. हल्ली साधूची जात विचारल्यावाचून त्याला नमस्कारही घडत नाही. नदीच्या बाबतीत मात्र आमच्या लोकांनी ती अक्षरशः पाळावयाचे ठरविले आहे असे दिसते. नदी आटली की पात्र खणावे, रुंद करावे, सरळ करावे, तिच्या काठी मंडप घालावा, आणि ती कोठून येते, कोणत्या रानातून येते, त्या रानाचे काय झाले, हा प्रश्न मात्र चुकूनही विचारू नये, असा एक नवा धर्मच सांप्रत उदयास आला आहे. ह्या धर्माचे उपाध्याय सुशिक्षित आहेत, यजमान सुखवस्तू आहेत, आणि पोकलेन नावाचे पिवळे यंत्र हे त्याचे आराध्य दैवत आहे. प्रस्तुत लेख ह्या धर्माविरुद्ध आहे. तो लिहिणारा काही काळ त्याच्याच उपाध्यायांपैकी एक होता, हे प्रारंभीच कबूल करणे बरे.

सन २०१७ च्या उन्हाळ्यात घाटंजी तालुक्यातील एका लहानशा गावी नाल्याच्या खोलीकरणाचा समारंभ झाला. शहरातील काही दानशूर मंडळींनी डिझेलचा खर्च उचलला होता. प्राध्यापक म्हणून आम्हांस पाचारण झाले, आणि आम्हीही यंत्राच्या लोखंडी पंज्यावर नारळ फोडून भगीरथावर पाऊण तास व्याख्यान दिले. टाळ्या झाल्या, छायाचित्रे निघाली. पंधरा दिवसांत सुमारे एक किलोमीटर पात्र पुरुषभर खोल झाले. पावसाळ्यात ते तुडुंब भरले, आणि भरल्या नाल्याचे छायाचित्र पाहून आमचा ऊर भरून आला. पुढे दोन वर्षांनी, चैत्रात, काही विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही त्याच गावी गेलो. काठ ढासळले होते, तळाशी गाळ बसला होता, आणि पात्रात बेशरमीची झुडपे तेवढी हिरवी होती. काठावर एक वृद्ध कोलाम गृहस्थ बकऱ्या राखीत बसले होते. "काय मामा, नाल्याला पाणी टिकलं का?" असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "पानी दिवाईलोक दिसलं जी, सर. पन झिरा गेला. तो होता तवा चैतातही लोटाभर पानी भेटे."

आमच्या पाऊण तासाच्या व्याख्यानापेक्षा त्या तीन वाक्यांत नदीविषयीचे ज्ञान अधिक होते. झिरा म्हणजे काय हे शहरातील वाचकांस सांगितले पाहिजे. वाळूच्या पात्रात हातभर खड्डा केला की त्यात जे पाणी हळूहळू पाझरून येते, तो झिरा. आमच्या यंत्राने वाळू काढली, वाळूखालचा मुरूम काढला, पाषाण उघडा पाडला, आणि झिऱ्याचे घरच उद्ध्वस्त केले. आम्ही नदीचे वैद्य म्हणून गेलो होतो आणि रोग्याचे काळीज काढून त्या जागी पाण्याची घागर ठेवून आलो.

ह्यातील कार्यकारणभाव गूढ नाही. यवतमाळ जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या पाषाणाचा आहे. वर मातीचा थर, त्याखाली झिजलेल्या खडकाचा म्हणजे मुरमाचा थर, आणि त्याखाली कठीण खडक. विहिरींना लागणारे पाणी प्रायः ह्या मधल्या थरात व खडकाच्या भेगांत असते. पावसाळ्यात हा थर भरतो आणि मग आठ महिने तो ते पाणी थोडे थोडे ओढ्यास देत राहतो. ज्या पाण्याला आपण उन्हाळ्यातील वाहते पाणी म्हणतो ते आभाळातून आलेले नसते, जमिनीने राखून ठेवलेले असते. आता ह्या थराच्या पायथ्याशीच एक खोल चर काढला तर काय होईल? आजूबाजूचे पाणी त्या चरात लवकर उतरेल. चर भरलेला दिसेल, लोक हर्षित होतील. परंतु ते पाणी विहिरीच्या हिश्श्याचे असेल, आणि चरात आल्यावर त्यास ऊन लागेल. ज्या ठिकाणी तळाशी भेगाळ खडक आहे व पात्रात येणारे पाणी गाळरहित आहे, तेथे खणलेल्या डोहाचा काही काळ उपयोग होतो, हे आम्ही नाकारीत नाही. तलावातील गाळ काढून शेतात टाकणे ही तर जुनी व उत्तम चाल आहे. पण तलाव म्हणजे नदी नव्हे. तलाव हे भांडे आहे. नदी ही व्यवस्था आहे.

व्यवस्था म्हटली की तिचे अवयव आले. वळण हा नदीचा अवयव आहे. त्यामुळे वेग मोडतो. वाळू हा अवयव आहे. तिच्यात पाणी लपते. डोह हा अवयव आहे. उन्हाळ्यात मरळ आणि वाम त्यात जीव धरून राहतात व पहिल्या पुरासरशी पुन्हा वर चढतात. काठचा कहू, करंज, जांभूळ, उंबर हेही अवयवच. त्यांची मुळे काठ धरतात, सावली पाणी थंड ठेवते, गळलेले पान किड्यांचे अन्न होते आणि किडे माशांचे. ज्या नाल्याचे वळण काढले, वाळू उचलली, डोह बुजले आणि काठची झाडे यंत्राला वाट देण्यासाठी पाडली, त्यात पाणी साठले तरी त्यास नदी म्हणणे हा भाषेवर अत्याचार आहे. तो पाण्याचा हौद झाला. आणि हौदात जीव धरत नाही हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, हा एका प्राध्यापकाचा एका नाल्यावरून बांधलेला सिद्धान्त आहे. तर मग मोठा दाखला घेऊ. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात किसिमी नावाची एक नदी आहे. ती सुमारे १६६ किलोमीटर वळणे घेत वाहत असे व तिच्या दोन्ही अंगांस विस्तीर्ण पाणथळ होते. पुराचा बंदोबस्त म्हणून तेथील अभियंत्यांनी १९६२ ते १९७१ ह्या काळात ती खणून, सरळ करून, तिचा सुमारे ९० किलोमीटरचा कालवा केला. काम चोख झाले. पाणथळ वाळले, जलपक्षी नव्वद टक्क्यांहून अधिक घटले, मासे गेले आणि खालच्या सरोवरात घाण साचू लागली. मग त्याच देशाने, त्याच अभियंत्यांच्या खात्याकरवी, १९९९ साली तो कालवा बुजवून नदीस तिची जुनी वळणे परत देण्याचे काम आरंभिले. ते २०२१ साली पुरे झाले. खर्च सुमारे शंभर कोटी डॉलर. आणि एवढे करून परत मिळाले ते सुमारे ७० किलोमीटर पात्र. श्रीमंत राष्ट्रास असले प्रायश्चित्त परवडते. ज्या जिल्ह्याचा शेतकरी कापसाच्या एका हंगामावर उभा असतो किंवा कोसळतो, त्याने दुसऱ्याची टाकलेली चूक मोठ्या हौसेने विकत घ्यावी आणि तीस प्रगती म्हणावे, हा प्रकार हास्यास्पद झाला असता, जर इतका शोचनीय नसता.

आणि ह्या बाबतीत आम्हांस परदेशी जाण्याचेही कारण नव्हते. जलसंधारणाचे स्वतंत्र खाते महाराष्ट्रात १९९२ साली निघाले ते सुधाकरराव नाईक ह्यांच्या कारकिर्दीत. आणि सुधाकरराव आमच्याच पुसदचे. त्यांचा स्मृतिदिन, १० मे, हा राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे वचन त्या काळात घरोघर पोहोचले. त्या वचनात दोन क्रियापदे आहेत. पहिले डोळ्यांस दिसते, त्याचे उद्घाटन करता येते, त्यावर पाटी लावता येते. दुसरे दिसत नाही. ते जमिनीच्या पोटात, रात्रंदिवस, टाळ्यांवाचून होते. ज्या जिल्ह्याने राज्यास जलसंधारणाचा पुरस्कर्ता दिला त्याच जिल्ह्याने पहिले क्रियापद ठेवून दुसरे टाकून दिले आहे. पुसदच्या त्या पुत्राच्या तसबिरीस दरवर्षी हार घालणाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी त्या वचनाचा उत्तरार्ध वाचावा.

राज्य शासनाच्या जलयुक्त शिवार अभियानाची कथा ह्याहून वेगळी नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ते जाहीर झाले, दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करावयाची असा संकल्प होता. कागदावर त्यात माथ्यावरील चरापासून पायथ्याच्या बंधाऱ्यापर्यंत सर्व काही होते. पण माथ्यावरील काम कष्टाचे, मजुरीचे व बिनछायाचित्राचे. नाल्यातील काम यंत्राचे, झटपट व दर्शनीय. तेव्हा पैसा उताराच्याच दिशेने वाहत गेला ह्यात नवल नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०२० साली ह्या अभियानाचा हिशेब विधिमंडळापुढे आला तेव्हा ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढविण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असा अभिप्राय नोंदविला. अभिप्रायावर वाद झाला, चौकशा झाल्या, आणि २०२३ साली अभियानाचा दुसरा अवतारही निघाला. आम्ही येथे कोणत्याही पक्षाची बाजू घेत नाही. पक्ष बदलले तरी पोकलेन तेच राहते.

असो. खणणे हा जर मार्ग नव्हे, तर मार्ग कोणता? येथेच आम्हांस म्हणीची आज्ञा मोडून नदीचे मूळ शोधले पाहिजे. पैनगंगेस मिळणाऱ्या अडाण, अरुणावती, पूस, वाघाडी, खुनी घ्या, की वर्धेस मिळणाऱ्या बेंबळा, निर्गुडा घ्या. ह्यांचे मूळ एका कुंडात वा गोमुखात नाही. ते शेकडो गावांच्या माळांवर, बरड्यांवर, सागाच्या टेकड्यांवर पसरलेले आहे. आणि ही जी उताराची, खडकाळ, नांगरास नालायक म्हणून उरलेली जमीन, ती बहुतांशी कोणा एकाची नाही. ती गावाची. सरकारदप्तरी ती शासनाची असली तरी गुरे चारणे, गवत कापणे, जळण आणणे, मोह वेचणे ह्या नात्याने ती पिढ्यान् पिढ्या गावाची आहे. वऱ्हाडात तीस आजही 'ई-क्लास' म्हणतात. साहेबाच्या राज्यात रानाचे वर्ग पाडले गेले, त्यातील हे अक्षर. ते पुढे इतके अंगवळणी पडले की निरक्षर गुराखीही इंग्रजी वर्णमालेतील हे एक अक्षर बिनचूक ओळखतो. वरचे वर्ग सरकारने नीट सांभाळले, कारण त्यांत लाकूड होते. खालच्या वर्गात गवत होते. आणि गवताचा धनी गरीब असतो.

ह्या गवताकडे तुच्छतेने पाहू नये. वर्षाला सरासरी ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस आमच्याकडे पडतो. दुष्काळी मुलखाच्या मानाने तो थोडा नव्हे. पण तो चार-सहा दांडग्या झडींत येतो. माळावर कुसळी, तिखाडी, पवना उभा असेल तर त्या झडीचा मार गवतावर बसतो, पाणी मुळांवाटे खाली उतरते, माती जागची हलत नाही. माळ उघडा असेल तर तीच झड माती घेऊन नाल्यात येते, डोह बुजवते, आणि मग डोह बुजला म्हणून आपण यंत्र मागवतो. म्हणजे माळ उजाड करावयाचा, त्याची माती नाल्यात आणावयाची, आणि ती उपसण्यासाठी वर्गणी गोळा करावयाची! आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार, असे म्हणणारे आमचे पूर्वज मूर्ख खास नव्हते. आम्ही मात्र आड बुजवून पोहऱ्याला सोन्याचा मुलामा देत आहो.

ह्या सामाईक जमिनीची आज कोण दशा आहे? काही सधन माणसांनी धुरे सरकवीत गिळली, काही पोट भरण्यासाठी भूमिहीनांनी कसली, काही सरकारी इमारतींखाली गेली, आणि २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सौर विजेच्या तबकड्यांसाठी राज्यभर अशा जमिनींवर नजर आहे. सूर्याची वीज वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण गायरान म्हणजे रिकामी जागा, हा जो समज ह्या सर्वांच्या मुळाशी आहे तो मात्र अडाणीपणाचा आहे. त्या जागेवर काही बांधलेले नाही, म्हणून ती रिकामी. मग देवघरातील समईभोवतीची जागाही रिकामीच म्हणावी लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणी गावाच्या सामाईक जमिनी अतिक्रमणांतून सोडवून गावास परत द्याव्या असा आदेश सर्व राज्यांस दिला. त्यावर महाराष्ट्र शासनाचा निर्णय १२ जुलै २०११ रोजी निघाला. आदेश आहे, निर्णय आहे. गवत मात्र नाही.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. अतिक्रमण काढा म्हटले की घाव नेहमी गरिबावर पडतो. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते पडीक जमिनीसाठीच. गायरानावरील दलिताच्या दोन एकरांस नदीच्या नावाने हात घालणार काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. त्या निकालातही भूमिहीन मजूर व अनुसूचित जाति-जमाती ह्यांस शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवलेला आहे. नदीस मारले ते त्याच्या दोन एकर ज्वारीने मारले नाही. ज्यास न्याय करावयाचा आहे त्याने मोजणीची साखळी आधी गावातील सर्वांत मोठ्या वाड्याच्या धुऱ्यापासून लावावी. आणि सामाईक रानाचे उत्पन्न वाटताना ते जमिनीच्या मानाने न वाटता माणसांच्या मानाने वाटावे. ही कल्पनाही काही आमची नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे जी पाणी पंचायत उभी केली तिचा हाच नियम होता: पाण्याचा वाटा शेताच्या आकारावर नाही, घरातील डोक्यांवर, आणि भूमिहीनासही त्यात हिस्सा.

दुसरा आक्षेप विद्वानांचा आहे. ते म्हणतात, जे सर्वांचे ते कोणाचेच नाही. गावाच्या हाती रान दिले तर गाव ते खाऊन टाकील. गॅरेट हार्डिन ह्या अमेरिकी पंडिताने १९६८ साली सामाईक कुरणाचे एक कल्पित उदाहरण रचून हा सिद्धान्त मांडला, आणि इंग्रजी शिकलेल्या आम्हां लोकांस तो इतका पटला की आमच्याच गावांतील खरी कुरणे पाहण्याचे श्रम आम्ही घेतले नाहीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीने मात्र ते श्रम घेतले. स्वित्झर्लंडच्या कुरणांपासून स्पेनच्या कालव्यांपर्यंत शेकडो वर्षे टिकलेल्या सामाईक व्यवस्था तपासून, जेथे सीमा ठरलेली आहे, नियम लोकांनी स्वतः केलेले आहेत, राखण आहे आणि मोडणाऱ्यास दंड आहे, तेथे सामाईक मालमत्ता उत्तम टिकते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याबद्दल २००९ साली त्यांस अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा की त्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावास सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबू विकण्याचे वाहतूक परवानेही त्या ग्रामसभेच्या हाती आले. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटाच्या पायथ्याशी, पायविहीर नावाचे गाव आहे. २०१२ साली त्यास सुमारे १९३ हेक्टर उजाड टेकडी मिळाली. लोकांनी कुऱ्हाड आवरली, चराई आवरली, समतल चर काढले. तेथील सीताफळे पुढे मुंबईच्या बाजारापर्यंत गेली आणि २०१४ साली गावास भारताचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. गाव रान खाते हे खरे, पण केव्हा? जेव्हा रान आपले नाही, आज आपण नाही तोडले तर उद्या ठेकेदार तोडील, अशी त्याची खात्री असते तेव्हा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही स्थिती बदलण्याचे साधन दिले आहे. त्याच्या पाचव्या कलमात वने व वन्यजीव राखण्याबरोबरच पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत ह्यांचे पुरेसे रक्षण होईल असे पाहण्याचा अधिकार ग्रामसभेस दिलेला आहे. वाचकहो, हे नीट ध्यानात घ्या. नदी राखण्याचा अधिकार कायद्याने ज्यास दिला तो बकऱ्या राखीत काठावर बसला आहे, आणि ज्यास कोणताच अधिकार नाही तो नारळ फोडीत आहे! केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव ह्या तालुक्यांतील कितीतरी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेचा शब्द आणखी वजनदार केला आहे. कोलाम ही तर केंद्र शासनाने विशेष असुरक्षित म्हणून गणलेली जमात. ह्या लोकांकडे आपण आजवर साहाय्याचे पात्र म्हणून पाहिले. पाण्याचे पालक म्हणून पाहिले नाही.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि आम्हांस सर्वांत जड वाटतो तो हाच. तो म्हणतो: गवत उगवून, माळ भरून, झिरा परत यावयास दहा वर्षे लागतील, माझा कापूस ह्या आश्विनातच सुकतो आहे. ह्यावर शहाणपणाचे बोल ऐकविण्याचा अधिकार पगारदार माणसास नाही. आम्ही इतकेच सांगतो की त्यास त्वरित पाणी देण्याचे उपाय आहेत. ओढ्याचे वाहते पाणी लहान बांधाने वळवून चराने शेतात नेण्याची फडपद्धत खानदेशात जुनी आहे, आणि ती घाटंजीच्या मुलखात 'दिलासा' ह्या स्थानिक संस्थेने रुजवून दाखविली आहे. त्यात नदी खणावी लागत नाही. तिचे थोडे पाणी मागून घ्यावे लागते. आणि दहा वर्षांचेच म्हणाल तर हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करून, शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा व ऊस न लावण्याचा नियम पाळून, ओसाड गाव भरभराटीस आणले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तेथील लोकांनीही दहा वर्षे फार आहेत असे म्हटले असते तर आज ती दहा वर्षे तीन वेळा निघून गेली असती आणि हाती काहीच नसते.

चौथी गोष्ट आक्षेप नव्हे, पण ती टाळली तर आमचा युक्तिवाद भित्रा ठरेल. गुराख्यास गवताचे नियम सांगणारे आपण वणीकडे पाहतो तेव्हा आपली वाचा का बसते? तेथे उकणी, निलजई, कोलारपिंपरीसारख्या उघड्या खाणींतून कोळसा निघतो, आणि कोळशावरची माती-दगड उपसून त्यांचे डोंगर रचले जातात. वर्धेच्या खोऱ्यात असे डोंगर वाढत गेले की पुराच्या पाण्याने पसरावे कोठे? राज्यात नद्यांपासून कारखान्यांनी किती अंतर राखावे ह्याचे एक धोरण २००० सालापासून होते. ते २०१५ साली रद्द झाले. बकरीस माळावर बंदी आणि यंत्रास नदीकाठी मोकळीक, असा न्याय असेल तर गावकऱ्यांनी आमचे ऐकू नये, हेच योग्य.

आता शेवटी आमच्याच वर्गाकडे वळतो, कारण हे मासिक त्याच वर्गात वाचले जाते. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरात पाण्यासाठी जी दैना झाली ती कोणी विसरला नसेल. निळोणा व चापडोह हे शहरास पाणी देणारे जलाशय तळाला गेले, आणि टँकरपुढे वकील, डॉक्टर, प्राध्यापक, सारेच बादली घेऊन उभे राहिले. त्यानंतर पाणी आणखी दूर बेंबळ्याहून आणण्याची धडपड झाली. म्हणजे जवळचे आटले की पुढच्याच्या मुळाशी जावयाचे. चापडोह! ह्या नावातच एक डोह आहे. कोणा जुन्या माणसाने तो डोह पाहून जागेला नाव दिले; आपण जागा ठेवली, नाव ठेवले, आणि डोह कशाने होतो हे विसरलो. आपल्या नळाचे मूळ दूरच्या माळावर आहे, ही जाणीव ज्या घरात नाही त्या घरातील पर्यावरणाच्या गप्पा फराळाच्या चिवड्याइतक्याच पौष्टिक समजाव्या.

तेव्हा दान देणाऱ्यांस आमची विनंती अशी. डिझेलसाठी पैसा देऊ नका. तो माथ्यावरील चरांच्या मजुरीस द्या, म्हणजे गावातील ज्याच्याजवळ जमीन नाही त्याच्या घरी तो आधी जाईल. महाराष्ट्रानेच १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशास वाट दाखविली. त्या महाराष्ट्रास फावड्याची लाज वाटू नये. ग्रामसभेने नकाशावर आपली ई-क्लास जमीन व आपले वनहक्काचे रान दाखवून ते कसे राखणार हे लिहून दिल्यावाचून नदीच्या पात्रात कोणतेही यंत्र उतरू देऊ नका. माळ एकदम सगळा बंद करू नका. तिसरा हिस्सा आळीपाळीने राखा, म्हणजे बकरीवाल्याचेही पोट चालेल. काठापासून काही हात जमीन नांगरू नका. कहू, करंज आपोआप उगवतील, त्यांना रोपवाटिकेची गरज नसते. पहिल्या पुरात मासे अंडी घालण्यास वर चढतात, तो महिना त्यांना द्या. आणि वाळू जागच्या जागी असू द्या. ती तुमच्या स्लॅबसाठी निर्माण झालेली नाही.

ह्यांपैकी एकाही कामाचे उद्घाटन करता येणार नाही. गवत वाढले म्हणून कोणी फीत कापीत नाही. झिरा परत आला तर तो वर्तमानपत्रास कळविणार नाही. एखाद्या चैत्रात, भर दुपारी, कोणी म्हातारा वाळूत हात घालील आणि त्याची ओंजळ भरेल, एवढेच. आम्ही त्या गावी दरवर्षी जातो. वरच्या माळाच्या एका कोपऱ्यात लोकांनी आपण होऊन चराई आवरली आहे आणि तेथे तिखाडी गुडघ्याला लागते. झिरा अजून आलेला नाही. आमचा नारळ मात्र त्या काठावर आम्हांस अजून दिसतो.